तीर्थस्नान आणि शेताचा धुरा

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील एका बंधूने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत देऊन मोकळे व्हावे असा आमचा विचार होता. परंतु तो प्रश्न जसजसा मनात घोळू लागला, तसतसे ते शक्य नाही असे आम्हांस दिसून आले.

बंधूंची आई सत्तरी ओलांडलेली आहे. ती ख्रिस्ती नाही. मुलाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती पुष्कळ रडली, पण मुलाचे घर तिने सोडले नाही. २०२५ साली प्रयागच्या कुंभमेळ्यास शेजारच्या बाया गेल्या, त्या वेळी ही तापाने अंथरुणास खिळली होती. आता २०२७ सालच्या नाशिकच्या सिंहस्थास तरी मला ने, असा तिचा हट्ट आहे. "मले मरायच्या आंधी एक डाव गंगेत बुडी घेऊ दे," एवढेच तिचे म्हणणे. बंधू विचारतात, "ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, तिच्यासाठी मी तिकीट काढून द्यावे काय? द्यावे तर असत्यास हातभार लावल्यासारखे होते. न द्यावे तर आईचे मन मोडते."

त्यांच्या मंडळीतील काही तरुणांनी त्यांस जे उत्तर दिले, तेही त्यांनी कळविले आहे. बेडूक जन्मभर पाण्यातच असतो, त्याला अद्याप मोक्ष का मिळाला नाही, असे आईस विचारावे, असा त्यांचा सल्ला. ही कोटी फार जुनी आहे आणि तिचा दोष असा की, ती ऐकून आजवर कोणाचेही पाप कमी झालेले नाही, ऐकणाऱ्याचेही नाही आणि बोलणाऱ्याचे तर नाहीच. शेजाऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा करावयाची, तर आधी ती नीट समजून घ्यावी आणि मग ज्या मापाने ती मोजली त्याच मापाने आपलीही मोजावी.

प्रथम, जे चांगले आहे ते चांगले म्हणू. उष्ण देशात, धुळीच्या व घामाच्या कामात जन्म घालविणाऱ्या लोकांना ज्या धर्माने रोज अंग धुण्याची सवय लावली, त्याने त्यांचे हितच केले. कार्तिक महिन्यात काकडआरतीच्या वेळी उठून थंड पाण्याने स्नान करणाऱ्या बायका आम्ही वर्धेच्या खेड्यांत पाहिल्या आहेत. त्या स्नानात आळसावर विजय आहे, मनाची एकाग्रता आहे, आणि पहाटेच्या त्या घटकेस घरातील कोणाचीही हाक त्यांच्या कानी येत नाही, हेही सुख लहान नव्हे. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून होणारे अभ्यंगस्नान तर आनंदाचेच आहे. आमच्यापैकी काही घरांनी, हे हिंदूंचे म्हणून, तेही टाकून दिले. तिळाच्या तेलाने आणि उटण्याने कोणता सिद्धान्त बुडतो, ते आम्हांस अद्याप कळलेले नाही.

दुसरे, गंगेच्या पाण्याविषयी जे म्हणतात, त्यात सत्य किती? येथेही घाईने बोलू नये. १८९६ साली हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने असे प्रसिद्ध केले की, गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात. पुढे १९१७ साली देरेल याने जंतूंना खाणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंचा शोध जाहीर केला, आणि हँकिनने पाहिलेल्या गोष्टीचे कारण बहुधा तेच असावे असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा त्या पाण्यात काही गुण आहे असे म्हणणारा मनुष्य वेडा नव्हे. तथापि त्याच गंगेच्या काठी, हरिद्वारास, १८६७ च्या मेळ्यानंतर पटकीची जी साथ पसरली तिने असंख्य यात्रेकरू मारले. आणि पंढरपूरच्या यात्रेबरोबर गावोगाव पटकी येई ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना चांगली ठाऊक होती. विषाणू थोडे आणि माणसे लाखो, मग काय होणार? २०२५ च्या प्रयागच्या मेळ्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रथम असा अहवाल ठेवला की, विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचे प्रमाण अनेक ठिकाणी स्नानाच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात २५०० च्या वर, गेले होते. नंतरच्या अहवालात सर्व मोजण्या एकत्र धरून पाणी स्नानास योग्य होते असे म्हटले. ह्या दोहोंचा मेळ तज्ज्ञांनी घालावा. आम्हांस एवढेच दिसते की, पाण्याची शुद्धी हा मोजण्याचा विषय आहे. ते आज शुद्ध असेल, उद्या नसेल. ज्याची स्वतःची शुद्धी अशी दिवसागणिक बदलते, ते दुसऱ्याचा आत्मा कायमचा शुद्ध करील, हे बुद्धीस पटणे कठीण आहे.

पर्वकाळाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. गुरू सिंह राशीस आला म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ, कन्या राशीस गेला म्हणजे कृष्णाकाठी वाईस कन्यागत. गुरूस सूर्याभोवती एक फेरी करण्यास पुरी बारा वर्षे लागत नाहीत, ११.८६ वर्षे लागतात. म्हणून केव्हा तरी एक वर्ष कमी धरावे लागते. हरिद्वारचा मेळा २०१० नंतर २०२२ ऐवजी २०२१ सालीच भरला तो ह्याच कारणाने. यावरून आपल्या पूर्वजांनी आकाश किती लक्षपूर्वक पाहिले होते ते समजते आणि त्याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु देव जर दयाळू आहे, तर त्याच्या दयेचे दार एखाद्या ग्रहाच्या चालीप्रमाणे उघडते व मिटते असे कसे मानावे? आणि ते दार काही घटकाच उघडे असते असे एकदा मनाने घेतले, म्हणजे माणसे त्या घटकेसाठी एकमेकांस तुडवितात. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकात चेंगराचेंगरीत ३९ माणसे मेली. २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येच्या पहाटे प्रयागास ३० माणसे मेल्याचे सरकारने सांगितले. त्यांत आपल्या आईसारख्याच म्हाताऱ्या बाया होत्या. त्यांना हसणाऱ्याने आधी त्यांची नावे वाचावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाण्याने पाप धुतले जाते काय?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, एका तळ्याच्या काठी, सर्वांच्या डोळ्यांदेखत मिळाले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, परधर्माची माणसे पाणी भरीत. त्याने तळे बाटले नव्हते. परंतु ह्या ओंजळीने ते बाटले, असे सनातन्यांनी ठरविले. आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे त्यात ओतून त्याची शुद्धी केली. हा खटला पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्य म्हटलेल्या लोकांचा हक्क मान्य झाला. कायद्याचा निकाल तसा लागला. तर्काचा निकाल मात्र त्या १०८ घड्यांनीच लावून टाकला होता. जे पाणी माणसाचे पाप हरण करण्याइतके समर्थ, ते माणसाच्या हाताच्या स्पर्शाने बाटण्याइतके दुर्बळ कसे? समर्थ असेल तर बाटणार नाही. बाटत असेल तर ते दुसऱ्यास तारणार नाही. ह्या दोन मतांपैकी एक सोडावेच लागते, आणि आमच्या मते दोन्ही सोडण्यासारखी आहेत.

कोणी म्हणेल, हा रूढीचा दोष, शास्त्राचा नव्हे. शास्त्र उघडून पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शरीर पाण्याने व मन सत्याने शुद्ध होते असा सुंदर भेद केला आहे. तो वाचून आम्हांस आनंद होतो. परंतु त्याच अध्यायात, थोडे आधी, चांडाळास, विटाळशीस, बाळंतिणीस अथवा प्रेतास स्पर्श झाला तर स्नानाने शुद्धी होते असेही सांगितले आहे. ज्या स्त्रीने नुकताच एका जीवास जन्म दिला, तिला प्रेताच्या शेजारी बसविले! ऋषिपंचमीस आपल्या शेजारच्या बाया आघाड्याच्या काड्या घेऊन १०८ वेळा स्नान करतात, ते कशासाठी? विटाळाच्या दिवसांत हातून काही शिवले गेले असेल त्या दोषाच्या निवारणासाठी. परमेश्वराने स्त्रीच्या देहाची जशी घडण केली, त्याबद्दल ती परमेश्वराचीच क्षमा मागते. खोटे बोलल्याबद्दल, सुनेस जाचल्याबद्दल, मजुराची मजुरी बुडविल्याबद्दल मात्र वर्षातून एकही दिवस काड्या मोजल्या जात नाहीत. स्नानाच्या कल्पनेने पापाचा हिशेबच बदलून टाकला: जे पाप नव्हते ते पाप ठरले, आणि जे खरोखर पाप होते ते एका बुडीत मोकळे झाले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील, त्यांस त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड आठवत असेल. त्या घरात धुण्याला अंत नव्हता आणि त्यामुळे घरच्या माणसांच्या हालांनाही नव्हता.

हे सर्व ख्रिस्ती लोकांनीच प्रथम ओळखले असे कोणी समजू नये. गुरू नानकांविषयी अशी गोष्ट सांगतात की, हरिद्वारास लोक पितरांसाठी पूर्वेकडे पाणी उडवीत होते तेव्हा ते पश्चिमेकडे उडवू लागले, आणि विचारले असता माझ्या शेतास देतो आहे असे म्हणाले. एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा तर आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. आणि आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा! ते परीट घराण्यातले. पाण्याने काय धुतले जाते आणि काय धुतले जात नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? यात्रेत ते येत, ते हातात खराटा घेऊन. लोक नदीत पुण्य मिळवीत असताना ते काठावरची घाण काढीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉक्टर आंबेडकरांच्या हवाली केली. १९५६ साली ते वारले. त्यांचे कीर्तन ऐकलेली माणसे आता थोडीच उरली असतील.

इतके लिहिल्यावर आपल्या घराकडेही पाहणे प्राप्त आहे. वाचकांपैकी कोणी हिंदू मित्र विचारील, "तुमच्या शास्त्रात नामान सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडाला आणि त्याचे कोड गेले, ते काय?" प्रश्न योग्य आहे. उत्तर देताना कथेचा शेवट विसरू नये. अलीशा संदेष्ट्याने त्या ठिकाणी घाट बांधला नाही, आणि नामानाने देऊ केलेली दक्षिणा घेतली नाही. त्याच्या चाकराने, गेहजीने, मागे धावत जाऊन ती घेतली आणि नामानाचे कोड त्यासच लागले. तसेच बेथेस्दा तळ्याच्या काठी अडतीस वर्षे आजारी असलेला तो मनुष्य. पाणी हालले की जो पहिला उतरेल तो बरा होईल, असे लोक मानीत आणि ह्यास उतरविणारा कोणी नव्हता. प्रभूने त्याला उचलून पाण्यात घातले नाही. जेथे तो पडला होता तेथेच त्याला उठविले. ज्यांच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत, ज्यांना ऐन पर्वणीच्या दिवशी ताप येतो, त्यांच्यासाठी ही गोष्ट लिहिली आहे असे आम्हांस वाटते.

पण आम्ही तरी ह्यातून किती शिकलो? पवित्र देशाची यात्रा करून आलेली आपली माणसे यार्देनचे पाणी बाटलीत भरून आणतात, आणि ते कपाटात कोणत्या खणात ठेवितात ते आम्ही पाहिले आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव आहे एवढ्यावर निश्चिंत असलेले सभासद आमच्या प्रत्येक मंडळीत आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात बाप्तिस्मा म्हणजे देहाचा मळ काढणे नव्हे असे स्पष्ट सांगितले आहे. तरी बाप्तिस्म्याच्या पाण्याविषयी आपल्या पुष्कळांची समजूत त्या म्हातारीच्या गंगेविषयीच्या समजुतीहून वेगळी नाही. भेद असला तर तो आमच्या विरुद्धच आहे. कारण ती निदान बुडी घेण्याची वाट तरी पाहत आहे, आम्ही आमची घेऊन बसलो आहोत.

असे आम्ही म्हणतो ह्याला कारण आहे. उत्तर छापण्यापूर्वी आम्ही पिपरी मेघे येथे जाऊन त्या माउलीस भेटून आलो. तिने चहा दिला, चहा पिऊन झाल्यावर आम्ही विचारले, "माय, नाशिकला जायचे ते कशासाठी?" मुलाने हा प्रश्न तिला कधी विचारला नव्हता. जावे की जाऊ नये, ह्यावरच माय-लेकांचा सारा वाद चालला होता.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले. त्यांचे शेत देवळीकडे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी तिचा दीर सेवाग्रामच्या दवाखान्यात महिनेच्या महिने पडून होता. पावसाळ्याच्या तोंडी तिच्या नवऱ्याने रात्रीतून दोन शेतांमधला धुरा चार हात भावाच्या शेतात सरकविला. "कंदील म्या धरला होता, भाऊ," ती म्हणाली. दीर बरा होऊन आला. त्याला संशय आला असेल-नसेल, तो काही बोलला नाही, आणि पुढे वारला. नवराही वारला. दर कार्तिकात ती पवनारला धाम नदीत अंग धुऊन येत असे. ज्या नदीत १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधींच्या अस्थींचे विसर्जन झाले, तीच ही धाम; तिचे पाणी वर्ध्याची तहान भागविते. "पण धाम लहान नदी आहे, भाऊ. माह्या पापाले मोठी पाहिजे."

आम्ही अनेक प्रवचने ऐकली आहेत आणि काही केलीही आहेत. परंतु पाप किती जड असते हे इतक्या थोड्या शब्दांत ऐकल्याचे आम्हांस आठवत नाही. ह्या बाईस पापाची जाणीव नाही असे कोण म्हणेल? तिचा रोग तिला ठाऊक आहे. औषध तेवढे चुकले आहे. गोदावरी धामीहून कितीही मोठी असो, ती देवळीच्या शेतातून वाहत नाही आणि वाहिली तरी धुरा मागे सरकविणार नाही. पिलाताने हात धुतले तेव्हाही पाणी स्वच्छच होते.

बंधू जवळच बसले होते. त्यांस हे सर्व नवीन होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. आम्ही त्यांस एवढेच विचारले की, ते चार हात रान आज कोण पेरतो? ते काही बोलले नाहीत. उत्तर आम्हांस ठाऊक होते. आई ज्या पापासाठी नदी शोधीत होती, त्या पापाची कपाशी दर वर्षी मुलाच्या घरी येत होती, आणि तो मुलगा आईच्या अज्ञानाबद्दल आम्हांस लिहीत होता. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकविणाऱ्यावर शाप सांगितला आहे. तो शाप यार्देनपलीकडच्या शेतांपुरता नाही. प्रभू जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा स्नानाची गोष्ट निघाली नाही. घेतलेले परत करण्याची निघाली.

तरी कोणी असा अर्थ काढू नये की, परत केले म्हणजे पाप फिटले. तो दीर आता कोठे आहे? त्याने गिळलेला संशय त्याला कोण परत देणार? काही गोष्टी मनुष्याच्या हाताने भरून येत नाहीत. तेथे क्षमा हवी, आणि ती देवाकडूनच यावी लागते, मागितल्याने येते, पैशाने अथवा पर्वणीने येत नाही. परंतु जे हाताने भरून येण्यासारखे आहे, ते तसेच ठेवून क्षमा मागणे, ही आम्हांस देवाची थट्टा वाटते. मग ती नदीत उभे राहून मागितलेली असो की मंदिराच्या बाकावर बसून.

मूळ प्रश्न तिकिटाचा होता, तो राहिलाच. आमचे मत असे की, मुलाने तिकीट काढावे आणि स्वतः बरोबर जावे. वर्ध्याहून नाशिकास गाडी थेट जाते. गर्दीच्या मुख्य दिवशी नेऊ नये, आधी अथवा मागाहून न्यावे. घाटावर तिचा हात सोडू नये. ह्याने असत्यास साहाय्य होत नाही. म्हाताऱ्या आईची काळजी घेणे हे कोणत्याही पंथात असत्य नव्हे. तिला काय खरे वाटते ते तिने आपल्या बुद्धीने ठरवावयाचे आहे. पैसे अडवून धरल्याने कोणाची श्रद्धा बदलत नाही, फक्त तिची जीभ बंद होते. मात्र निघण्यापूर्वी दिराच्या मुलास घरी बोलावून जे आम्हांस सांगितले ते त्यास सांगावे, आणि ते आईने एकटीने सांगू नये.

हा मजकूर छापावयास देत असता बंधूंचे पत्र आले. चुलतभावास बोलाविले होते. तो प्रथम फार रागावला, उठून गेला, आणि दोन दिवसांनी आपण होऊन परत आला. दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला आहे. फी आईने आपल्या गाठोड्यातून दिली, प्रवासासाठी साठविलेल्या पैशांतून. नाशिकास जाण्याचे तिने सोडलेले नाही. मोजणीची तारीख लागली की मग जाऊ, असे ती म्हणते, आणि चुलतभाऊ म्हणतो, काकूस मीही घेऊन जाईन.